वातुकेलेकरांनी नेलेली पाकट

फिजीच्या राजधानीत, सुव्याच्या त्या हॉलमधली सगळ्यात मोठी भिंत आम्ही भांडून मागून घेतली होती, तरी पाकटीचं शेपूट दारापर्यंत गेलंच. हॉल सांभाळणारा विमलेश शिडीवर उभा राहून म्हणाला, "मकेरेताबाई, शेपूट थोडं दुमडू का?"

"दुमडायला ती काय चादर आहे?" मी म्हटलं. "दार सरकव जरा पलीकडे."

बिचारा खरंच वळून दाराकडे बघायला लागला.

पाकट, म्हणजे तो पंखांचा चपटा मासा, माझ्या भाचीने, तलिदाने, केली होती. दोन पंख पसरलेली, हिरवी, निळी, मधेच नारिंगी, पोटाकडे पांढरट. सगळी जाळ्यांची. मोठ्या जहाजांवरचे लोक फाटलेली जाळी समुद्रात सोडून देतात. ती प्रवाहाबरोबर आमच्या नुकुवाईच्या खडकांवर येऊन अडकतात, आणि धनी नसला तरी जाळं काही मासे धरायचं सोडत नाही. कासवं अडकून मरतात, मासे कुजतात, त्यांच्या वासाने आणखी मासे येतात. आम्ही नुकुवाईच्या बायका होडीने जाऊन ती जाळी सोडवून आणतो, धुतो, उन्हात वाळवतो, रंग वेगळे करतो आणि त्यातून प्राणी विणतो. ज्या जाळ्याने पाकट मेली त्याचीच पाकट करायची, ही कल्पना तलिदाची. माझी असती तर मीही तेवढ्याच जोरात सांगितली असती.

पण गेल्या वादळात आमची होडी खडकावर आपटली आणि तळ गेला. तेव्हापासून शेडमध्ये विणायला काही नाही. ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहिलं की खडकात फडफडणारी जाळी दिसतात, आणि आपण नुसतं बघत बसायचं. तलिदाला नांदी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी सांगून आली होती. काम काय, तर पाहुण्यांच्या पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवायचे.

"होडी नाही जमली तर मी सोमवारी जाणार, आत्या," तिने मला बजावून सांगितलं होतं. "रिकाम्या शेडमध्ये बसून मला म्हातारं व्हायचं नाही."

म्हणून हे प्रदर्शन. सुव्यातल्या चित्रकारांनी आपापली कामं फुकट दिली होती. मोथे बेटाच्या बायकांनी खारफुटीच्या सालीच्या रंगाने छापलेलं मासी, म्हणजे सालीचं कापड, पाठवलं होतं. कोणी फुटक्या चपलांच्या माळा केल्या होत्या. जे काही विकलं जाईल ते सगळं होडीसाठी. पण मला ठाऊक होतं की माळांनी वल्ही येतील, होडी यायची ती पाकटीवरच येईल.

आणि होडी आली, म्हणजे आल्यातच जमा झाली. दुपारी लॉर्ना केटरिंग नावाची बाई आली. मूळची ऑस्ट्रेलियाची, पण गेली कित्येक वर्षं इथेच, दक्षिण किनाऱ्यावर तिचं हॉटेल आहे. पाकटीसमोर ती नुसती उभी राहिली. खूप बोलणारं गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं, गप्प उभं राहणारं घेतं, हे मला बाजारात मासे विकताना कळलेलं आहे. शेवटी ती तलिदाला म्हणाली, "ही मला माझ्या हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर हवी. तुझ्या नावासकट." विमलेशने पाकटीच्या नावाच्या पाटीवर विकल्याची लाल टिकली चिकटवली. त्या एवढ्याशा टिकलीत आमची होडी, तिचं इंजिन आणि तलिदाचा सोमवार, सगळं आलं. मी तिथेच दोन पावलं नाचून घेतलं. कोणी हसलं तर हसू दे.

लॉर्नाबाई मागच्या व्हरांड्यात चहा प्यायला गेली, आणि तेवढ्यात समोरच्या दारातून वातुकेलेकर आत आले.

आधी युकुलेली ऐकू आली, मग हसणं, मग फुलाफुलांचे शर्ट आणि कमरेला गुंडाळलेले सुलू. सगळ्यात पुढे त्यांच्या गावचा मुखिया इलिसोनी, त्याच्या पुढे त्याचं पोट. हे आले म्हणजे आमचं काहीतरी जाणार. चूक आमचीच होती. तीन आठवड्यांपूर्वी तलिदा रेडिओवर बोलली होती. होडी फुटली, काम अडलं, प्रदर्शन आहे, असं सगळं छान सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "सगळ्यांनी या." 'सगळ्यांनी' असा शब्द नुकुवाईच्या माणसाने तोंडातून काढायच्या आधी दोनदा विचार करायला हवा, कारण त्यात वातुकेलेही येतं.

वातुकेले आमचं तौवू गाव. दोन्ही गावांचे मूळ पुरुष सख्खे भाऊ, म्हणून आमचं ते त्यांचं आणि त्यांचं ते आमचं. त्यांनी आमच्या शेतातले तारोचे कंद उपटून नेले की आम्ही हसायचं, आम्ही त्यांचं डुक्कर नेलं की त्यांनी. तोंडाला येईल ते बोलायची दोघांनाही मोकळीक. पण रागवायचं नाही आणि 'नको नेऊ' म्हणायचं नाही. जो रागावला तो हरला, आणि ते त्याच्या नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागतं. नेलेली वस्तू मागे ओढायची नाही, तो रडीचा डाव. आणि तौवूला कधी काही द्यायचं नाही. भेटी परक्यांना देतात. तौवूला कोणी काही दिलं तर त्याचा अर्थ 'तू आमचा नाहीस' असा होतो. तौवूने घ्यायचं असतं.

"मकेरेता!" इलिसोनी दारातूनच ओरडला. "अजून जिवंत आहेस? आम्ही तर मयताची चटई घेऊन निघालो होतो."

"तुझ्यासाठीच राहू दे ती, इलिसोन्या. आणखी एक जोडून घे, तुझ्या पोटाला एक पुरायची नाही."

त्यांची माणसं हसली, आमच्या बायका हसल्या. इलिसोनी पाकटीसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ही गोधडी कोणाची?"

"पाकट आहे ती. तुमच्या गावात मासा कोणी पाहिलेला नाही, विसरलेच मी."

"एवढी मोठी पाकट नुकुवाईकरांना मिळाली? तुम्हाला तर डबक्यात बेडूक सापडत नाही!" मग आवाज चढवून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "आळशी गाव! जाळी काढायची सोडली यांनी, आणि सगळी घाण वाहत आमच्या खडकांवर. आमची पोरं पोहायला गेली की पायात दोर."

"होडी फुटली आमची. आळस तुझ्या घरी."

"फुटली? मग नुकुवाईकरानेच बांधली असणार."

पुन्हा हशा. मीही हसले, कारण ती खरंच नुकुवाईकराने, माझ्या दिराने, बांधली होती. मग इलिसोनी वाकला आणि पाटीवर बोट ठेवून म्हणाला, "ही लाल टिकली कसली?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. वातुकेलेत प्रदर्शनं कुठे होतात? 'विकली गेली' एवढे दोन शब्द मी बोलले असते तर त्याने कदाचित हात मागे घेतला असता. पण ते 'नको नेऊ' म्हणण्यासारखंच झालं असतं. त्याची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आमच्या सगळ्या बायकाही बघत होत्या. नुकुवाईच्या मकेरेताने तौवूपुढे पदर पसरला, हे वाक्य मला कानाशी ऐकू यायला लागलं.

"रंगाचा डाग आहे," मी म्हटलं. "तलिदा कशी काम करते, तुला काय सांगायचं."

"मग ठीक," इलिसोनी म्हणाला. "उतरवा रे हिला! आमच्या सभाघराची भिंत उघडी आहे."

हे बोलणं न ऐकलेल्या विमलेशला वाटलं की घेणाऱ्याची माणसं आली. त्याने धावत शिडी आणली, वर स्वतः धरून उभा राहिला. दारावरचा रखवालदार आमच्याच गावचा, त्याने दोन्ही दारं उघडून दिली, शेपूट अडकू नये म्हणून हातभारही लावला. आणि आमच्या बायका? आमच्या बायका पोट धरून हसत होत्या. रीतच तशी. मीही हसत होते, आणि आतून अशी पेटले होते की इलिसोनीला त्याच पाकटीत गुंडाळून समुद्रात ढकलावं.

पाकट दारातून बाहेर पडत होती तेव्हा लॉर्नाबाई व्हरांड्यातून आत आली.

"अहो, हे काय? ती माझी आहे!"

"होती," मी म्हटलं. "आता त्यांची आहे."

"तुम्ही मला विकलीत ना? टिकली लावलीत."

"लावली."

"मग सांगा त्यांना!"

"ते आमचे तौवू आहेत, लॉर्नाबाई."

ती इतकी वर्षं इथे राहिलेली, तिला शब्द माहीत होता. "म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत," ती म्हणाली. "ते हवं तर तुमचे भाऊ असू देत. पण शब्द तुम्ही मला दिला होतात, आणि तुमच्या थट्टेत तो गेला." पर्स उचलून ती निघून गेली. बाईचं बरोबर होतं.

तलिदा रिकाम्या भिंतीपाशी उभी होती. खिळे तेवढे राहिले होते, आणि टिकली लावलेली पाटी.

"डाग, आत्या?" ती म्हणाली. "डाग?"

"अगं, मी काय करणार होते—"

"दोन शब्द बोलायचे होते तुला. दोन! तू आपली ऐट सांभाळलीस आणि माझा सोमवार घालवलास. वर म्हणे मी कशी काम करते!" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज करवतीसारखा लागत होता. घराण्याचाच आवाज तो. "जा, आता तूच टॉवेलचे हंस कर."

मला लाज वाटली, खरंच वाटली. पण लाज वाटली म्हणून बसून राहणं मला कधी जमलेलं नाही. मी कमरेला सुलू घट्ट खोवला आणि बायकांना हाक मारली.

"हसून झालं का? मग चला. आज वातुकेलेकरांनी घेतलं. घेता आपल्यालाही येतं."

"काय घ्यायचं?" आमची म्हातारी विनियाना. तिचे गुडघे धड नाहीत, पण असल्या कामाला ती सगळ्यांच्या पुढे.

"जे दिसेल ते. त्यांचे सुलूसुद्धा सोडायचे नाहीत."

हॉलच्या मागेच समुद्राचा बांध आणि खाली उतरायच्या पायऱ्या. आम्ही सगळ्या गात खाली गेलो. तलिदा मागून आली, अजून रागात, पण आली. वातुकेलेकरांची जुनी निळी होडी बांधाच्या टोकाला लागलेली होती आणि तिच्यात पाकट चढवणं चाललं होतं. एक पंख आत गेला की दुसरा बाहेर. आणि अगदी पायऱ्यांना लागून दुसरी एक होडी होती. नवी, पांढरी.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माझी!" इलिसोनी लगेच म्हणाला. "हात लावू नकोस, मकेरेता. महाग आहे."

"चढा गं!" मी म्हटलं.

बायका चढल्या. हातातल्या टोपल्या, उरलेली केळी, कसाव्याचं पातेलं, सगळं आत गेलं. इलिसोनी डोक्याला हात लावून बांधावर नाचायला लागला. "लुटलं रे लुटलं! नुकुवाईकरणींनी लुटलं! आम्ही घरी कसे जाणार?"

"पाकटीवर बसून जा," मी म्हटलं. "पंख आहेत तिला."

आमच्या बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या बसथांब्यावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, वा! एका हाताने गेलं, दुसऱ्या हाताने आलं. मी इंजिनाची दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं. आमच्याकडे पहिल्या ओढीला कोणतंच इंजिन सुरू होत नाही.

तेव्हा माझं लक्ष जायला लागलं. टाकी काठोकाठ भरलेली. विनियाना, जिला बसमध्ये चढवायला दोघी लागतात, ती कोणाचा हात न धरता आत येऊन बसली होती, कारण होडीची एक बाजू मुद्दाम खाली कापलेली होती. तिथून माणूस पाण्यात उतरू शकतो आणि ओलं, जड काहीतरी आत ओढू शकतो. मागच्या बाजूला काठावर आडवा लाकडी रूळ बसवलेला, हाताने फिरणारा. वातुकेलेकर गळ टाकून मासे धरतात. गळाला रूळ लागत नाही. रूळ लागतो तो जाळी वर ओढायला. आणि पुढे नाकाडावर, जिथे प्रत्येक होडीचं नाव रंगवलेलं असतं, तिथे नुसता ताजा पांढरा रंग होता.

मी वर बघितलं. इलिसोनी नाचायचा थांबला होता आणि खाली वाकून रुळाकडे बघत होता.

"तो रूळ नीट फिरतो का बघ गं," तो म्हणाला, आणि मग एकदम, "म्हणजे, मोडू नकोस म्हणतो मी! माझा आहे तो!"

मी इंजिन बंद केलं. रेडिओ त्यांनीही ऐकला होता. होडी फुटली, काम अडलं, हे त्यांना कळलं होतं. त्यांना द्यायची होती, पण तौवूला देणार कशी? म्हणून ते सुव्याला घ्यायला आले, आमचं काहीतरी, कसलंही, डोळ्यांत भरेल असं. म्हणजे मग आम्ही चिडून बांधावर येऊ आणि पायऱ्यांना लागून बांधलेली ही होडी आम्हाला दिसेल. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्या सुतारांनी रात्रीचा दिवस केला असणार. आणि मी जर टिकलीबद्दल खरं बोलले असते तर त्याने मुकाट्याने एखादी चपलांची माळ उचलली असती, लॉर्नाबाईला पाकट मिळाली असती, तलिदाचं नाव त्या हॉटेलच्या भिंतीवर लागलं असतं, आणि होडी आली असती ती आलीच असती. तो होडीबद्दल बोलू शकत नव्हता, मी टिकलीबद्दल बोलले नाही. दोन गावांत मिळून एक तोंड उघडलं नाही, आणि आवाज मात्र अख्ख्या बंदराला ऐकू गेला.

तलिदाने माझ्याही आधी ओळखलं होतं. ती रुळाशी बसली होती, त्यावरून हात फिरवत होती, एकदा पुढे, एकदा मागे. गाल ओले होते.

"आत्या," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लॉर्नाबाईकडे तू जाणार आहेस. तूच. दुसरी करून देते म्हणून सांग, थांबणार असेल तर."

"जाईन."

"आणि माफी माग. ऐटीत नको."

"तेवढं मला शिकवावं लागेल."

ती अजून हसली नाही. रूळ आणखी एकदा फिरवला आणि म्हणाली, "सोमवारी ओहोटी किती वाजता आहे?"

विनियानाने उत्तर दिलं, सकाळची आहे म्हणाली, लवकर निघावं लागेल.

आता इलिसोनीला काहीतरी म्हणायला हवं होतं. आभार मानता येत नव्हते. आभार म्हणजे त्याने दिलं आणि आम्ही घेतलं, आणि तसं झालं असतं तर त्याचं आजचं सगळं नाटक पाण्यात. पण काही न बोलता मी निघूच शकत नव्हते. म्हणून मी होडीत उभी राहिले, कमरेवर हात ठेवले, आणि माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं.

"इलिसोन्या! ही होडी आहे की डुकराला पाणी पाजायचं भांडं? कोणी बांधली ही? तुझ्या आंधळ्या काकाने? तुझ्या बापाला इतकी पोरं झाली की तुझ्यापर्यंत येता येता अक्कल संपली, नुसतं पोट उरलं! मी आयुष्यात इतकी फालतू, इतकी वाकडी, इतकी—" आणि इथे माझा आवाज फुटला, पण मी रेटून पुढे गेले, "—इतकी भिकार होडी पाहिली नाही, ऐकतोस का? तुझ्या अख्ख्या गावाला सांग. प्रत्येकाला सांग. मकेरेता म्हणाली, असली भिकार होडी अख्ख्या फिजीत नाही!"

बांधावर वातुकेलेचे ते धिप्पाड सुतार एकमेकांकडे बघत होते आणि कान लाल करून हसू दाबत होते, जसं बक्षीस मिळालेलं पोर हसू दाबतं. इलिसोनीने सुलूच्या टोकाने तोंड पुसलं, डोळेही पुसले.

"आणि तुझ्या भाचीची ती पाकट!" तो ओरडला. त्याचाही आवाज धड नव्हता. "कसली ती कुरूप! सभाघरात लावली की आमची पोरं रोज तिच्यासमोर जाऊन बसतील, अभ्यास करणार नाहीत. सत्यानाश केलास आमच्या गावाचा, पोरी!"

तलिदाने वर बघितलं आणि त्याला तोंड वेडावून दाखवलं. मी पुन्हा दोरी ओढली.